डोंगरगिळ्याचं व्हायोलिन

विजू,

काल तुझा दहावा झाला. पिंड ठेवून माणसं मागे सरतायत तोच कावळा आला आणि शिवून गेला. तुझा भाऊ तिथंच पायरीवर बसला आणि रडला. लोक म्हणाले, सुटली, कशात जीव अडकला नव्हता तिचा. तुझ्या गावी, पिंपरी पेंढारला परतताना जीपमध्ये बायकाही तेच बोलत होत्या. मी मान हलवत होते. तुझा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. तो तिथं अडकला तो माझ्यामुळे, हेही माहीत होतं. कावळ्यानं निदान घटकाभर थांबायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटलं. तो थांबला असता तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

मला बोलता येत नाही, हे जुन्नरच्या शाळेत आपण एका बाकावर बसत होतो तेव्हापासून तू सांगत आलीस. "मालू, तुझ्या जिभेला शाई लावली पाहिजे, म्हणजे तरी काही उमटेल." म्हणून लिहिते. तुला एक वाक्य सांगायचं राहिलं. दोन वर्षं राहिलं. आधी तेच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा त्याच्याभोवती फिरत बसेन. अश्विनीचं व्हायोलिन चुलीवरच्या माळ्यावर ठेवायला तिच्या आईला मी सांगितलं होतं.

झालं. एवढंच होतं.

तुला याहून जास्त सांगायची गरज नाही. पण हा कागद मला तुझ्या शनिवारच्या वर्गातल्या मुलांनाही वाचून दाखवावा लागेल, आणि त्यातल्या बारक्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तू पुण्याहून परत आलीस ती आईच्या आजारपणासाठी. तीस वर्षं तू तिथं वाजवलंस. नाटकांना, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात, आणि स्टुडिओत गाण्यांच्या मागे, जिथं वीस व्हायोलिनं एकदम वाजतात आणि एकाचंही नाव कुठं येत नाही. आई गेल्यावर तू परत जाशील असं सगळ्यांनी धरलं होतं. तू मात्र दोन एसट्या बदलून घोडेगावला आलीस, मी ज्या शाळेची लायब्ररी सांभाळते तिथं माझ्यासमोर बसलीस आणि विचारलंस, "शनिवारी दुपारी तुमचा हॉल रिकामाच असतो ना?"

व्हायोलिनं तू पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यांकडून गोळा केलीस. त्यांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षं पडून असलेली, मालक विसरून गेलेली. चौदा जमली. बोटं कुठं टेकवायची ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या मानेवर तू रंगीत पट्ट्या चिकटवल्यास. पण गजांचे केस झडून गेले होते, आणि गजाला लागतात घोड्याच्या शेपटीचे. तू मला बेल्ह्याच्या बाजारात घेऊन गेलीस. बैलांच्या त्या गर्दीत एक माणूस वरातीचा पांढरा घोडा विकायला घेऊन उभा होता.

"दादा, शेपटीचे केस मिळतील का थोडे?"

त्यानं तुला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ताई, शेपटी सुटी इकत न्हाई आमी. घोडं घ्या, शेपटी फुकाट."

"घोडं ठेवू कुठं?"

"मंग नुसती केसं घिऊन काय करनार? गंगावन?"

शेजारचे दोघं हसले. तू अगदी शांतपणे म्हणालीस, "वाजवणार."

तो तुला वळसा घालून माझ्याकडं आला आणि हळूच विचारलं, "येडी हाये का वो ही?"

मी म्हणाले, "हो."

त्यानं केस दिले, वर चहाही पाजला. एसटीत बसल्यावर तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. "मालू," म्हणालीस, "आयुष्यात एकदाच तू वेळेवर बोललीस." ते तू गमतीनं म्हणालीस. मला ते आता रोज ऐकू येतं.

मुलं आली ती घोडेगावातली, आसपासच्या वाड्यांवरची, आणि वसतिगृहात राहणारी वर तळेघरकडची. वर्ग चारला सुटायचा, मुलांची एसटी साडेपाचला. मधला वेळ मुलं हॉलमध्ये दंगा करायची, म्हणून मी त्यांना गोष्ट वाचून दाखवू लागले. गोष्ट माझीच होती. कितीतरी वर्षं फुलस्केप वहीत लिहीत होते, कुणाला दाखवली नव्हती. डोंगराच्या पोटात डोंगरगिळ्या झोपला आहे. तो जागा झाला की एक आख्खा डोंगर गिळतो, आणि त्याच्यावरची खाचरं, गुरं, देवळं, माणसं सगळी त्याच्या पोटात जातात. त्याला झोपवून ठेवण्यासाठी दर पिढीत एका मुलीला गुहेत जाऊन गावं लागतं. सावरी ही त्यातली शेवटची. तिच्यामागे दुसरी कुणी तयार झालेली नाही.

तू मागं बसून गजाला राळ घासायचीस. तिसऱ्या शनिवारी घासता घासता थांबलीस. मुलं गेल्यावर हात पुढं केलास. "ती वही दे. पोरं अलंकार घासून कंटाळलीत. त्यांना जायला कुठंतरी जागा पाहिजे."

त्यानंतरचं दीड वर्ष हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू चिडवलं असतंस. एकेक प्रकरण तू घरी न्यायचीस आणि पुढच्या शनिवारी त्याचं वाजवायचं पान घेऊन यायचीस. धुक्याच्या पानाला गज घोडीपासून, म्हणजे तारा टेकतात त्या उभ्या पट्टीपासून, लांब नेऊन नुसता टेकवायचा. गुहेच्या तोंडाशी तोच गज अगदी घोडीला लागून ओढायचा, म्हणजे सूर काचेसारखा थंड येतो. सावरीच्या पायाखालचा दगड सरकतो तिथं सगळ्यांनी बोट तारेवरून खाली घसरवायचं, पण एकदम नाही, शेजारच्याचं ऐकून मग आपलं. दहा वर्षांची मुलं ते करायची. तू त्यांना सांगायचीस, "बोट कुठं ठेवायचं ते पट्टी सांगेल. का ठेवायचं ते सावरीला विचारा." मी कागदावर लिहिलेला दगड चौदा व्हायोलिनांच्या खालून सरकताना पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी उठून लायब्ररीत गेले आणि कपाटामागं उभी राहिले. तू समजलीस मला कंटाळा आला.

अश्विनी तळेघरची. भात आणि नाचणी करणाऱ्या घरातली, नववीत होती, उंच, खांदे नेहमी आत ओढलेले. सगळ्यांत आधी पट्ट्या निघाल्या त्या तिच्या व्हायोलिनच्या. सावरीची धून तू तिला दिलीस. तुझ्या तोंडून तिला मिळालेलं सगळ्यांत मोठं कौतुक म्हणजे "बरं आहे, अश्विनी." त्या दिवशी ती वसतिगृहापर्यंत पळत गेली होती.

मग आवणी आली. भाताची लावणी असली की वसतिगृहातली मुलं दोन-तीन आठवडे घरी जातात, त्याला कुणी सुट्टी म्हणत नाही पण सगळे जातात. तू अश्विनीला म्हणालीस, व्हायोलिन घरी घेऊन जा, तीन आठवडे हात थांबला तर पुन्हा मागं येशील. शुक्रवारी तिला न्यायला तिची आई आली, हिराबाई. तू त्या दिवशी नव्हतीस. हिराबाई डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद सावरत लायब्ररीच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, ह्ये घरी न्यायचं म्हनती पोर. आमच्याकडं भितीला हात लावला तर हाताला पानी लागतंय. कुठं ठिवायचं ह्ये?"

मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणायची मला सवय नाही. पुस्तकांत बसणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं असं गाव धरून चालतं, आणि हळूहळू तीही धरून चालते. मी विचारलं, "बियाणं कुठं ठेवता तुम्ही?"

"चुलीवरच्या माळ्याव. थितं वल जात न्हाई."

"मग हेही तिथंच ठेवा. जिथं बियाणं जगतं तिथं हेही जगेल."

हिराबाईंना ते पटलं. मला तर फारच पटलं. त्या वाक्यावर मी दिवसभर खूष होते. संध्याकाळी वहीत टिपून ठेवलं, कुठल्यातरी प्रकरणात वापरता येईल म्हणून. अजून आहे ते तिथं.

व्हायोलिन खिळ्यांनी नाही, सरसानं जोडलेलं असतं. वरून पावसाची ओल आणि खालून चुलीची धग लागली की सरस सुटतो. हे मला तू सांगितलंस, पण नंतर.

तीन आठवड्यांनी अश्विनी आली. सगळी मुलं जमलेली होती. तू पेटी उघडलीस आणि हॉलभर धुराचा वास पसरला. वरची फळी एका अंगानं सबंध सुटली होती आणि तिला एक चीर गेली होती.

"कुठं ठेवलं होतंस?"

अश्विनीनं दाराकडं पाहिलं.

"कुठं ठेवलं होतंस, अश्विनी?"

"माळ्यावर. चुलीवरच्या."

"चुलीवर." तू ती फळी अंगठ्यानं दाबून पाहिलीस. "काय वाळवणाचे पापड आहेत हे?"

मुलांतलं कुणीतरी हसलं. हिराबाई दारात होत्या, आत यावं की नाही अशा. त्यांच्या डोक्यावरच्या कागदातून पाणी फरशीवर गळत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

"मी ठेवलं, बाई," अश्विनी म्हणाली. "मला वाटलं तिथं..."

"ज्याला वस्तू सांभाळता येत नाही त्यानं तिला हात लावू नये."

मी कोपऱ्यात वही उघडून बसले होते. एक बोट पानावर होतं. मला वाटलं, आत्ता बोलले तर मुलांसमोर विजूची शोभा होईल. हे खोटं होतं, माझी झाली असती. एसटीपर्यंत चालताना सांगू, असं ठरवलं. एसटीपर्यंत चालताना तू रागानं धापा टाकत होतीस. मग पुढच्या शनिवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या शनिवारी अश्विनी आली नाही. महिनाभरात वसतिगृहातलं नाव काढून ती घरी गेली आणि तिकडच्याच शाळेत बसू लागली.

पाऊस उघडल्यावर तू तळेघरला गेलीस. वरची एसटी आलीच नाही त्या दिवशी, तर उरलेला घाट चालत गेलीस, पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी. अश्विनी मागच्या दारानं शेतात निघून गेली. तू ओट्यावर बसलीस आणि हिराबाईंची माफी मागितलीस. परत आल्यावर मला म्हणालीस, "माझ्या जिभेनं घालवली मी तिला."

मी म्हणाले, "येईल."

तू चहाचा कप फिरवत बसलीस. "पण मालू, माळ्यावर ठेवायचं हे त्यांच्या डोक्यात आलं कसं?"

"त्यांच्याकडं सगळं तिथंच ठेवतात," मी म्हणाले.

विजू, या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी इतकी वर्षं शब्द निवडायला शिकले ते याच्यासाठी.

पुण्यातला दुरुस्तीवाला ते व्हायोलिन दोन दिवसांत जोडून द्यायला तयार होता. तू नको म्हणालीस. "ती येईल तेव्हा तिच्यासमोर चिकटवीन. तुटलेलं कसं जोडतात ते तिला बघू दे." पेटीच्या कप्प्यात सरसाच्या खड्यांची पुडी तेवढी ठेवून दिलीस. मग एका दुपारी, मुलं यायच्या आत, सहज म्हणून तू त्याच्यावर गज ओढलास. सुटलेली फळी खालच्या लाकडावर थरथरली आणि त्यातून असा एक घोगरा, जाड आवाज आला की मी दाराकडं पाहिलं. तू पुन्हा ओढलास, आणखी सावकाश.

"हा बघ," म्हणालीस, "हा डोंगरगिळ्या."

तोपर्यंत डोंगरगिळ्याला आवाज नव्हता. सगळी मुलं मिळून जमिनीवर पाय आपटायची, ते तुला पटत नव्हतं. आता तो कूस बदलतो तिथं तू त्याला चार ओळी दिल्यास. त्या ओळी फक्त तू वाजवायचीस, ते व्हायोलिन दुसऱ्या कुणाला हातात घेऊ द्यायची नाहीस. शाळेच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतली लहान पोरं घाबरून आयांना चिकटली. पाहुणे तुला म्हणाले, काय कल्पना आहे बाई तुमची. तू माझ्याकडं बोट दाखवलंस. "कल्पना हिची." मी हात जोडले. त्या पानावर, डोंगरगिळ्याच्या ओळीच्या सुरुवातीला तू पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'अश्विनी' लिहून ठेवलं होतंस. मला ते दिसलं होतं.

आपलं भांडण शेवटावरून होतं. माझ्या वहीत सावरी बाहेर येत नाही. ती गात राहते, डोंगरगिळ्या झोपतो, आणि गुहेचं तोंड बंद होतं. हे मी तू यायच्या कितीतरी आधी लिहिलं होतं. त्या प्रकरणाला चाल लावायला तू तयार नव्हतीस.

"बाहेर काढ तिला."

"गोष्टीत तसं होत नाही."

"गोष्ट तुझी आहे."

"म्हणूनच. मुलांना खोटं कशाला सांगायचं?"

"अगं, आपल्याकडची पोरं आहेत ती. कोण परत येत नाही ते त्यांना तुझ्याआधी कळतं. ते शिकवायला व्हायोलिन कशाला पाहिजे?"

मी म्हणायचे, आनंदी शेवट हा भित्र्या लोकांचा असतो. असं तोंडावर म्हणायचे मी, तुला. भित्रं कोण होतं ते मला एकटीला ठाऊक असताना. मुलं गुहेच्या तोंडापर्यंत वाजवायची, डोंगरगिळ्या कूस बदलायचा, सावरीची धून एकदा यायची, आणि तिथंच सगळं थांबायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, हाच शेवट आहे. त्यांना तो आवडायचाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू फार बोलत नव्हतीस. मी रोज यायचे, पुस्तक घेऊन बसायचे, वाचायचे नाही. एकदा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "अश्विनी आता अकरावीला असेल." मी हो म्हणाले. मग तू म्हणालीस, "पापड म्हणाले मी तिला. आईसमोर."

तेव्हा मी पुस्तक मिटलं. तुझा हात धरला. "विजू, एक सांगायचंय," एवढं मी बोललेही. तू डोळे उघडलेस. तितक्यात सलाइन बदलायला सिस्टर आल्या, आणि मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते. मला बरं वाटलं. त्या गेल्यावर तू विचारलंस, "काय सांगत होतीस?" मी म्हणाले, "शेवट बदलायचा विचार करतेय." तू हसलीस. मी विचार करत नव्हते.

इथं लिहिणं पाच दिवस थांबलं.

मधे शनिवार झाला. मी हॉल उघडला तो झाडून घ्यायला. मुलं येतील असं वाटलं नव्हतं. नऊ आली. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. त्यातला मोठा ओंकार तुझ्यासारखीच मान वाकडी करून एकेकाच्या तारा लावून देत फिरला. मी हा कागद पिशवीत घेऊन कोपऱ्यात बसले. वाटलं, आधी वाजवू देत, मग वाचू.

त्यांनी धुकं वाजवलं, दगड वाजवला. गुहेच्या तोंडाशी आले. तिथं डोंगरगिळ्याच्या चार ओळी. पेटी टेबलावर होती, कुणी हात लावला नाही. सगळे गज वर धरून थांबले, आणि त्या चार ओळी त्यांनी रिकाम्या सोडल्या. ओंकार ओठांनी मात्रा मोजत होता. मोजून झाल्यावर त्यांनी पुढचं सुरू केलं, सावरीची धून, जी आता ओंकार वाजवतो आणि जी त्याला नीट येत नाही.

संपल्यावर तिसरीतल्या ईश्वरीनं विचारलं, "बाई, डोंगरगिळ्या मेला का?"

मी काही बोलायच्या आत ओंकार म्हणाला, "मेला नाय गं. वाजवायला कुणी नाय."

मी कागद बाहेर काढला नाही. मेलेल्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं, विजू. ते काही विचारत नाही. आणि मुलांना वाचून दाखवणं म्हणजे पुन्हा कोपऱ्यात वही उघडून बसणंच झालं. ज्या दोघींना सांगायचं होतं त्या तळेघरला होत्या.

परवा गेले. पहाटेच्या एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. मी सांगितलं. म्हणाला, "वाजवून दावा की मग." मी म्हणाले मला येत नाही. तो म्हणाला, "मंग कशाला वागवताय?"

भात झोडणी चालली होती. हिराबाई खळ्यात होत्या, अश्विनी पेंढ्या बांधत होती. ती आता माझ्यापेक्षा उंच आहे. खांदे तसेच. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. हिराबाईंनी हात पदराला पुसले, पाणी आणून दिलं, आणि आम्ही तिघी ओट्यावर बसलो. मी पाणी तसंच ठेवलं आणि सांगितलं. सांगायला किती वेळ लागला असेल? घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही नाही.

हिराबाई म्हणाल्या, "आवो बाई, मला ठावं हाये की ते. मलाच सांगितलं व्हतं तुमी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी थितं बसल्या व्हत्या की. म्हनलं, आता बोलतील बाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमी न्हाई बोलल्या. मंग म्या बी न्हाई बोलले. साळंतल्या बाईचं नाव पोरांम्होरं कसं घ्यायचं? पोरीला बी म्हनलं, गप ऱ्हा. तुजं नाव घे."

अश्विनी खाली बघत होती. तिला चौदाव्या वर्षी माझं नाव झाकायला सांगितलं गेलं आणि तिनं ते झाकलं. मग तिनं विचारलं, "विजयाबाईंना कळलं होतं का? शेवटी तरी?"

"नाही."

"म्हणजे त्यांना माझंच वाटत राहिलं."

"नाही गं. तिला स्वतःचं वाटत राहिलं. पापड म्हणाली त्याचं. जायच्या आधी चार दिवस तेच बोलत होती."

अश्विनी उठली. मला वाटलं मागच्या दारानं जाईल. ती खळ्यापर्यंत गेली, बांधलेली एक पेंढी उगाच सोडून पुन्हा बांधली, आणि परत येऊन पेटी उघडली. व्हायोलिन बाहेर काढलं नाही. सुटलेल्या फळीच्या फटीत नख घालून पाहिलं, ती किती लांब गेली आहे ते. मग वाकून वास घेतला.

"अजून धूर येतो," म्हणाली.

मी तिला सांगितलं की तू ते जोडू दिलं नाहीस, तिच्यासमोर जोडणार होतीस. सरसाची पुडी दाखवली. सरस कसा भिजवायचा, किती ऊन करायचा, हे तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग मी तिला ते पान दाखवलं, डोंगरगिळ्याच्या ओळीपाशी तुझ्या पेन्सिलीतलं तिचं नाव. ते तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. रडली नाही. मी म्हणाले, "शनिवारी मुलं जमतात अजून. दोनला."

"बघू," अश्विनी म्हणाली. बघू म्हणजे काय ते मला या मुलखात राहून कळतं.

सावरीचं तुला काय सांगू? शेवट मी बदललेला नाही. तू गेलीस म्हणून तिला बाहेर काढली तर ती तुझ्यासाठी काढलेली असेल, असं एक मन म्हणतं. आणि गुहेचं तोंड बंद कुणी केलं हे ज्या लिहिणारीला दोन वर्षं बोलता आलं नाही, तिच्या शेवटावर कुणी का विश्वास ठेवावा, असं दुसरं. वही तशीच आहे. तू भांडायला असतीस तर काहीतरी ठरलं असतं.

परतीच्या एसटीची वेळ झाली. मी चपला घातल्या. अश्विनी झोडणीला गेली होती. ओट्यावरची पेटी उचलून हिराबाईंनी पोटाशी धरली, भाताचा तूस लागू नये म्हणून वरून पदर घेतला, आणि घराच्या आत एकदा बघून मला विचारलं, "बाई, मंग आता ह्ये ठिवायचं कुठं?"

दोन वर्षांपूर्वीसारखंच विचारलं. मी सांगेन तिथं त्या ठेवणार होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "विजयाबाईंना विचारायला हवं होतं."

हिराबाई पेटी धरून तशाच उभ्या राहिल्या.